रिकामी खोली तपासली : हो

सोमवार, १० फेब्रुवारी

आले बाई एकदाची! दोन वर्षं ड्रिल मशीन खांद्याला लावून ठाणे-कल्याण पालथं घातलं, शिडीवर चढून चढून पोटऱ्या पैलवानासारख्या झाल्या, आणि आता फक्त सहा दिवस. उमेदवारी संपली, आजपासून परीक्षा. शनिवारी पास झाले की सुरक्षा यंत्रणेची पक्की तंत्रज्ञ. मग कंपनी कायम करणार, आणि बाबांना गुहागरहून रोज फोन करून दापोलीच्या स्थळाची आठवण करून द्यायची गरज उरणार नाही. नापास झाले तर पुढची संधी वर्षाने. तेवढा धीर बाबांना नाही, हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय.

परीक्षेची जागा मात्र झकास मिळालीय. खडकपाड्याच्या पुढे गांधारीच्या रस्त्यावर एक नवा टॉवर आहे, त्यातला सातव्या मजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट. इमारतीत अजून कोणी राहायला आलेलं नाही. फ्लॅट बघितला आणि हसूच आलं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, कपाटात पुठ्ठ्याची पुस्तकं, भिंतीवर टीव्हीचं नुसतं खोकं, नळाला पाणी नाही. पलंग तेवढा खरा, पण त्यावर बसायला मनाई. आत जाताना पायात निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या, गुळगुळीत लादीवर ओरखडे पडू नयेत म्हणून.

झाडलोट आणि चावी ठमाबाईंकडे. जवळच्याच गावच्या, साठीच्या, नऊवारी खोचून लिफ्टमध्ये ऐटीत उभ्या राहतात. मी एकटी पोरगी भिंती फोडायला आलेली बघून त्यांनी कपाळाला हात लावला. परीक्षा म्हणून मोबाइल रोज सकाळी त्यांच्याकडे जमा करायचा.

परीक्षक सुधीर सर ठाण्याहून आलेले. इस्त्रीचा शर्ट, शुद्ध बोलणं, मला अहो-जाहो करतात. काम असं : या फ्लॅटमध्ये एक म्हातारं माणूस एकटं राहतं असं समजायचं. हॉल, किचन, बेडरूम आणि मधला पॅसेज अशा चार ठिकाणी हालचाल टिपणारे सेन्सर बसवायचे. हालचाल झाली की त्या सेन्सरचा लाल दिवा लागतो. माणूस हिंडतंय तोवर नातेवाइकाच्या फोनवर ‘हालचाल आहे’ असं दिसत राहतं; चारही ठिकाणी ठरावीक वेळ काहीच हललं नाही, तर धोक्याचा संदेश जातो. परीक्षेपुरता तो वेळ साठ मिनिटं, आणि नातेवाईक म्हणजे सर.

शनिवारी म्हातारं माणूस मी व्हायचं. मला आत ठेवून बाहेरून कुलूप, म्हणजे दुसरं कोणी आत येऊन हालचाल करायला नको. मी थोडं हिंडायचं, मग कुठेतरी पडल्याचं सोंग करून स्वस्थ पडून राहायचं. तासाभराने सरांना ठाण्यात संदेश गेला की ते फोन करतील, दार उघडेल, मी पास.

पडून राहण्यात तर मी आधीपासूनच पास आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज हात चालले. चारही सेन्सर बसले, वायरी पट्टीत लपल्या, कुठल्या खोलीत हालचाल झाली ते दिव्यांनी दाखवणारं पॅनल परीक्षेपुरतं दाराबाहेर लॉबीत लावलं. काम इतकं नेटकं झालंय की माझीच मला दृष्ट लागेल. मग प्रत्येक खोलीत चालून बघितलं. कोपऱ्यातून, भिंतीलगत, हळू, भरभर. पाऊल टाकलं की दिवा, थांबलं की विझला. कुठे चूक नाही.

ठमाबाई दारात बसून बघत होत्या. रिकाम्या घरात ही बाय एकटीच फेऱ्या मारते आणि वहीत खुणा करते, हे त्यांच्या पचनी पडेना. लग्न ठरत नाय म्हनून असा होतंय, असं त्यांचं निदान आहे. दुपारी त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी विठ्ठलवाडीला खोलीवर परत. खोलीतली जोडीदारीण हेमा गावी गेलीय, त्यामुळे शांत झोप.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज ‘रिकाम्या खोली’ची तपासणी. परीक्षेच्या कागदावर ही सातवी ओळ. खोलीतले पंखे लावायचे, सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं आणि दहा मिनिटं पॅनलकडे बघत बसायचं. पॅनलवर काहीही दिसता कामा नये. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलला, तरी काही सेन्सर त्याला माणूस समजतात. तसं झालं तर घरातलं माणूस पडलेलं असतं आणि यंत्र सांगत राहतं, सगळं ठीक.

हॉल शांत. किचन शांत. बेडरूम शांत. पॅसेजला चौथ्या मिनिटाला ‘हालचाल’.

मला हसू आलं, कारण पॅसेजला पंखा नाही, खिडकी नाही, पडदा नाही. चार पावलांची बोळकांडी, हलण्यासारखं तिथे काही नाहीच. पाल असेल म्हणून शोधली. सेन्सर बदलला. वायर बदलली. सेन्सरचं तोंड भिंतीकडे फिरवलं. सहा वेळा तपासलं, सहाही वेळा पॅसेज रिकामा आला नाही.

निघताना ठमाबाईंना सहज विचारलं की इथे कधी काही झालंय का. त्या म्हणाल्या, इथं कोन मेला नाय गो बाय, अजून कोन रायलाच नाय.

खरंच की. भीती वाटायला निदान घर जुनं तरी पाहिजे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पॅसेज तसाच. आणि आज किचन.

काल किचन शांत होतं. आज आधी पॅसेज लागला, दोन मिनिटांनी किचन, मग पुन्हा पॅसेज. कोणीतरी सावकाश जाऊन आल्यासारखं. मी दार उघडून आत धावले. काही नाही. प्लास्टिकची सफरचंदं जागच्या जागी.

संध्याकाळी कुंडलिकदादांना फोन केला. दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकले, मायेने शिकवलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. ते हसले. म्हणाले, येडी का खुळी तू, साइटवर दहा-दहा मिनिटं रिकाम्या खोल्या कोन बघत बसतो? दिवसाला तीन साइट असतात. हो लिहायचं नि निघायचं. आपण लिहीतच आलोय ना?

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. आता लिहूनच टाकते. या वहीला तरी कळू दे.

गेल्या श्रावणात आम्ही नौपाड्यात एका घरी अशीच यंत्रणा बसवलेली. घरात एकटे भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. मुलगी अंतराताई बेंगळुरूला. भाऊंनी स्वतः चहा करून दिला, आणि घरभर सपातांचा फटक फटक आवाज करत माझ्या मागे फिरत राहिले. प्रत्येक सेन्सरपुढे उभं राहून विचारायचे, दिसलो का गं याला? हॉलच्या सेन्सरसमोर लांब पडदा होता. त्या दिवशी आमची ती दुसरी साइट, तिसरीला उशीर होत होता. सातव्या ओळीपुढे मी ‘हो’ लिहिलं. दादांनी सांगितलं म्हणून नाही. त्यांनी सांगायच्या आधीच लिहिलं.

तीन आठवड्यांनी एका मंगळवारी भाऊ पॅसेजमध्ये पडले. हॉलमधला पंखा चालू होता. पडदा हलत राहिला. बेंगळुरूला अंतराताईंच्या फोनवर मंगळवार, बुधवार, गुरुवार ‘हालचाल आहे’ असंच येत राहिलं. शुक्रवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं. डॉक्टरांच्या मते पडल्यावर भाऊ दीड दिवस जिवंत असावेत.

दीड दिवस.

कंपनीने लिहून दिलं की पंखा चालू ठेवायला नको होता. यंत्रणा काढून आणायला मीच गेलेले. अंतराताईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुमच्यामुळे तीन दिवस मी निर्धास्त होते, बाबा घरात हिंडतायत असं दिसत होतं मला. मी मान खाली घालून त्यांनी दिलेला चहा प्यायले. सगळा प्यायले. मला माझी शरम वाटते.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पॅसेज, किचन, बेडरूम. आणि आज हॉल.

हॉलनंतर फक्त मुख्य दार आहे. दाराच्या या बाजूला लॉबीत मी, पॅनलसमोर स्टुलावर. हॉलचा दिवा विझेना. म्हणजे जे काही आहे ते दाराला लागून उभं होतं, माझ्यापासून हातभरावर, मधे लाकडाची एक फळी. मी स्टूल मागे सरकवलं तर पॅसेज लागला. परत गेलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं असेल. सेन्सरच्या मनात चांदणं नसतं पण.

दुपारी तोंडी परीक्षेला सुधीर सर आले. सगळं पटापट सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं की न तपासता कधी ‘हो’ लिहिलं आहे का. आणि वर म्हणाले, खरं सांगितलंत तर मी नापास करणार नाही, शनिवारची परीक्षा आठवडाभर पुढे ढकलू आणि हे काम नीट शिकवू. इतक्या वर्षांत एकाही उमेदवाराने मला हो म्हटलेलं नाही.

तोंडाशी आलेलं. देवाशपथ आलेलं. पण परीक्षा पुढे गेली की का म्हणून चौकशी होणार, चौकशीत नौपाडा निघणार, अंतराताईंना कळणार.

नाही म्हणाले.

त्यांनी कागद पुढे केला. सातवी ओळ. रिकामी खोली तपासली. मी लिहिलं : हो. त्यांनी खाली सही केली. कार्बन प्रत माझ्याकडे दिली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी १०.१५

आत आहे. ठमाबाईंनी बाहेरून कुलूप लावलं. त्यांच्या पुतण्याची आज हळद आहे, लवकर निघायचंय, त्यामुळे मला झटकन पडायला सांगून गेल्या. पायात निळ्या पिशव्या, मनगटावर घड्याळ, हातात ही वही, पॅडवर ती कार्बन प्रत. ऊन हॉलभर आलंय. दिवसाढवळ्या कसली भीती.

चारही खोल्यांत फिरले. चारही दिवे नीट लागले.

११.००

पॅसेजमध्ये पडलेय. इथून मान वळवली की चारही सेन्सर दिसतात, म्हणून हीच जागा. आता वही बंद. लिहिताना हात हलतो. बारा वाजता संदेश गेला पाहिजे.

११.४२

किचनचा दिवा लागला.

मी हललेली नाही. विझला. म्हणजे साठ मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

१२.१०

पुन्हा किचन. मग बेडरूम. मी श्वाससुद्धा दाबून घेतेय. सरांना ठाण्यात दिसत असेल की मी अजून हिंडतेय. वाटत असेल, पोरगी घाई करत नाही, चांगलं आहे.

१२.३५

आवाज आहे. सपातांचा. फटक — फटक — नव्या लादीवर. किचनमधून निघाला. हॉलकडे. हॉलचा दिवा

उठते. परीक्षा गेली खड्ड्यात. दार वाजवते.

१.२०

पडले. खरीच पडले. उठून धावले आणि पायातल्या पिशव्या लादीवरून सटकल्या. उजवा पाय कमरेपासून वाकडा पडलाय. बघवत नाही. छातीवर आपटले, श्वास पुरत नाही. ओरडले तर नुसती हवा येते, आवाज घशातून बाहेरच पडत नाही.

पॅसेजमध्येच आहे. दार दहा-बारा पावलांवर. एक हातभर सरकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

एकच मार्ग. साठ मिनिटं काहीही हलता कामा नये. मग संदेश जाईल.

पण ते हिंडतंय. हॉल. किचन. बेडरूम. फेऱ्या मारतंय. थांबतच नाही.

२.०५

लिफ्ट! ठमाबाई!

दाराशी आल्यात. सरांशी फोनवर बोलतायत, ऐकू येतंय. सर विचारत असणार, संदेश का येत नाही. मी लादीवर हात आपटला. हाताला जोरच नाही. तेवढ्यात सपाता, हॉलभर, मुद्दाम, मोठ्याने —

ठमाबाई फोनवर म्हणाल्या, पायांचा आवाज येतोय ना आतून, बाय फिरतेय, बरी हाय.

बरी हाय.

चावी खाली वॉचमनकडे ठेवते म्हणाल्या. तुमचा फोन आला की तो उघडेल. लिफ्ट गेली.

अंतराताई, मला आता कळतंय तुम्ही काय बघत होतात.

२.३०

भाऊ आहेत. दुसरं कोण असणार. मी बोलले त्यांच्याशी. कुजबुजत. सगळं सांगितलं. तुम्ही माझ्यापुढे उभं राहून विचारत होतात आणि माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पडदा मला दिसलेला, भाऊ. दिसलेला. तरी मी हो लिहिलं. तुमच्या मुलीच्या हातचा चहा प्यायले.

कार्बन प्रतीवर सातवी ओळ खोडली. लिहिलं : नाही. इथेही नाही, नौपाड्यातही नाही. खाली सही केली. योगिनी.

२.४०

हॉलचा विझला. किचनचा विझला. बेडरूमचा विझला.

सपाता नाहीत. ऐकलं त्यांनी! रडू येतंय पण रडायचं नाही, अंग हलतं. साठ मिनिटं. पेन खाली. भाऊ, आता आपण दोघांनीही हलायचं नाही.

३.२८

एकही दिवा नव्हता. अठ्ठेचाळीस मिनिटं. मी मोजत होते.

आत्ता लागला. पॅसेजचा. माझ्या डोक्यावरचा. मी हललेले नव्हते. म्हणजे इथेच —

बारा मिनिटं राहिली होती फक्त. भाऊ, बारा मिनिटं.

विझला. पुन्हा पहिल्यापासून.

४.२०

पन्नास मिनिटं झाली आणि पुन्हा. होत आलं की लागतो. मुद्दाम. होत आलं की —

तहान. नळाला पाणी नाही.

४.२५

मला वाटलं माफी मागितली की — त्यांना माफी नकोच आहे. दीड दिवस. त्यांना माझ्याकडून दीड दिवस

कोणी नाही दिसत. पण उजव्या घोट्याशी लादी गार झालीय. कोणी बसावं तशी.

४.४०

दिवा लागून आहे. विझत नाही. मी नाही हलत. मी अजिबात नाही —

पाय. माझा पाय हलतोय. मोडलेला. मी नाही हलवत, मला हलवताच येत नाही. कोणीतरी घोटा धरून सावकाश, एकदा इकडे, एकदा तिकडे, दिवा लागत राहावा म्हणून, सरांना दिसत राहावं की मी हिंड